स्वपक्षातील वादळ आणि नामदार गोखले

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांना आयुष्यात विरोधकांची वानवा कधीच पडली नाही. कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात लॉर्ड कर्झनसारख्या करारी व्हाइसरॉयसमोर उभे राहून त्यांनी अंदाजपत्रकावरील भाषणे केली. सरकारच्याच आकड्यांनी सरकारला पेचात धरण्याची त्यांची हातोटी इंग्रज अधिकाऱ्यांनीही मान्य केली होती. त्या लढाईसाठी त्यांची सर्व घडण झाली होती. त्यांना जो खरा मनस्ताप झाला तो मात्र राष्ट्रसभेच्या मांडवात, आपल्याच बाजूच्या बाकांवरून. ध्येय एक, सभा एक, पुष्कळदा शहर आणि पेठही एक, आणि तरीही भाषा व मार्ग यांविषयी न मिटणारे अंतर, असा तो प्रसंग होता. या अंतराशी गोखले वीस वर्षे झगडत राहिले. ते मिटविण्याचा शेवटचा प्रयत्न चालू असतानाच, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांचा अंत झाला.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरजवळील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते आणि गोपाळरावांचे प्राथमिक शिक्षण कागललाच झाले. निपाणीहून कोल्हापूरकडे जाताना लागणारे हे गाव सीमाभागातील वाचकांना काही परके नाही. पुढील शिक्षणासाठी दोघे भाऊ कोल्हापुरास गेले. परंतु १८७९ साली वडील वारले आणि थोरले बंधू गोविंदराव यांना शाळा सोडून नोकरी धरावी लागली. पगार दरमहा पंधरा रुपये. त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावाला कोल्हापुरास पाठवीत. या आठ रुपयांत गोपाळरावांनी शिक्षण पुरे केले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करून १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी ते बी.ए. झाले. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब दिला पाहिजे ही जाणीव त्या वयात ज्याच्या अंगवळणी पडते, तो पुढे बोललेल्या शब्दाचाही हिशेब ठेवू लागला तर आश्चर्य वाटू नये.

पुण्यात टिळक आणि आगरकर यांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १८८५ साली ते शिक्षक झाले आणि लगेच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद. पगार बेताचा, वीस वर्षांचा करार. टिळक गणितात पारंगत, आगरकर तर्कात आणि लेखनात, आणि या दोघांहून दहा वर्षांनी लहान असलेले गोखले पडेल तो विषय शिकवीत. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पुढे देशभरच्या शाळांत गेले. १८८८ साली निघालेल्या ‘सुधारक’ पत्राच्या मराठी बाजूचा भार आगरकरांनी वाहिला, इंग्रजी बाजूचा गोखल्यांनी. सोसायटीत तेव्हाच दोन तट पडू लागले होते. सभासदांनी बाहेरची कामे घ्यावीत की नाही, हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न चिघळला. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, त्याला टिळकांनी हरकत घेतली आणि १८९० च्या अखेरीस टिळक सोसायटीतून बाहेर पडले. दोघांच्या दुराव्याचा आरंभ असा एका शिक्षणसंस्थेच्या कामकाजातून झाला. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे राजकारण केवळ तत्त्वांच्या भांडणाचे होते किंवा केवळ स्वभावांच्या भांडणाचे होते, असे एकेरी निदान करण्याचा मोह टळतो.

याच काळात गोखले न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली आले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन आणि सरकारकडे पाठवायच्या अर्जांचे मसुदे ही कामे रानडे त्यांच्याकडून करून घेत. प्रत्येक विधानामागे कागद हवा, प्रत्येक आकड्यामागे सरकारी अहवालाचे पान हवे, अशी ती शिस्त. रानडे दिवसचे दिवस एकाच मसुद्यावर घालवीत. त्यांच्याकडे गोखले जवळजवळ चौदा वर्षे शिकले. या शाळेतून बाहेर पडलेल्या माणसाला गर्दीचा आवाज हा पुरावा वाटणे शक्यच नव्हते.

गर्दीचा आवाज त्यांनी पहिल्यांदा जवळून ऐकला तो १८९५ साली. त्या वर्षी राष्ट्रसभेचे अधिवेशन पुण्यास भरायचे होते. टिळक आणि गोखले दोघेही स्वागतमंडळाचे चिटणीस होते. राष्ट्रसभा संपली की तिच्याच मांडवात सामाजिक परिषद भरविण्याचा प्रघात होता, आणि सामाजिक परिषद म्हणजे रानड्यांचे जिव्हाळ्याचे काम. पुण्यातील एका गटाने याला कडवा विरोध केला. मांडव जाळण्यापर्यंत भाषा गेली. टिळकांनी चिटणीसपद सोडले. कामाचा सगळा भार गोखल्यांवर पडला. अखेर रानड्यांनीच माघार घेऊन सामाजिक परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात हलविली आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभा निर्विघ्न पार पडली. त्याच वर्षी सार्वजनिक सभाही टिळकपक्षाच्या हाती गेली आणि रानडे-गोखल्यांना १८९६ मध्ये डेक्कन सभा ही निराळी संस्था काढावी लागली. गुरूला आपल्याच गावात, आपल्याच उभारलेल्या संस्थेतून बाजूला व्हावे लागले, याचा सल गोखल्यांच्या मनात राहिला. मतांची संख्या ज्याच्या मागे त्याची संस्था, हा नियम त्यांना अमान्य नव्हता; ती संख्या ज्या भाषेने गोळा झाली ती भाषा त्यांना सोसत नव्हती.

यानंतरचे वर्ष त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कसोटीचे ठरले. १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले. वय एकतीस. साक्ष उत्तम झाली. उलटतपासणीत ते कोठे डगमगले नाहीत. त्याच वेळी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोल्जर घरोघर शिरत होते आणि त्यांच्या वर्तनाविषयी मित्रांची संतप्त पत्रे लंडनला येत होती. स्त्रियांवरील अत्याचारांचे त्यांतील वृत्तांत गोखल्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्राच्या हवाली केले. विलायतेत खळबळ उडाली. मुंबई सरकारने पुरावा मागितला. बोट मुंबईला लागण्यापूर्वीच रँडचा खून होऊन गेला होता, पुण्यावर सरकारची करडी नजर बसली होती आणि ज्यांनी पत्रे लिहिली त्यांपैकी कोणाचे नाव उघड करणे म्हणजे त्याला तुरुंगाच्या दारात नेऊन उभे करण्यासारखे होते. नावे सांगायची नाहीत तर आरोप सिद्ध होत नाहीत. गोखल्यांनी नावे सांगितली नाहीत. त्यांनी आरोप मागे घेऊन ऑगस्टमध्ये जाहीर माफी मागितली, आणि तीही हातचे काही न राखता.

पुढच्याच महिन्यात राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. एक तुरुंगात गेला आणि एकाने माफी मागितली, एवढेच लोकांच्या ध्यानात राहिले. पुण्याच्या रस्त्यांतून हिंडणे गोखल्यांना काही काळ अवघड झाले असल्यास नवल नाही. या प्रकरणाचा विचार करताना त्यांच्या धैर्याची चर्चा नेहमी होते. त्यांच्या मनावर झालेल्या परिणामाची कमी होते. सिद्ध करता येणार नाही असा एक शब्द बोलल्याची किंमत त्यांनी मोजली होती. यापुढे अतिशयोक्ती, मग ती सरकारविरुद्ध असली तरी, त्यांना शारीरिक वेदनेसारखी जाणवू लागली. जहालांच्या सभांतील टाळ्या ऐकताना त्यांच्या चर्येवर जी अस्वस्थता दिसे, तिचे मूळ पुष्कळ अंशी १८९७ मध्ये आहे.

त्यानंतरची वर्षे चढती होती. १८९९ साली मुंबई कायदेमंडळ, १९०१ च्या अखेरीस फिरोजशहा मेहतांच्या जागी वरिष्ठ कायदेमंडळ, १९०२ च्या अंदाजपत्रकावरील ते गाजलेले पहिले भाषण, त्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्ती आणि १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना. त्या वर्षी हिंदुस्थानची बाजू मांडण्यासाठी राष्ट्रसभेने त्यांना विलायतेस पाठविले, तेव्हा त्यांचे सहकारी होते लाला लजपतराय. पुढे ज्यांची गणना जहालांच्या अग्रणींत झाली त्यांच्यासह त्यांनी तेथे काम केले आणि त्या दोघांत वितुष्ट आले नाही. मतभेद आणि माणूस ही दोन निराळी खाती गोखले ठेवू शकत असत. ती कायम निराळी ठेवता आली नाहीत ही पुढची गोष्ट.

बंगालची फाळणी १६ ऑक्टोबर १९०५ रोजी अमलात आली आणि देश पेटला. डिसेंबरमध्ये बनारसच्या राष्ट्रसभेचे अध्यक्षस्थान गोखल्यांकडे आले. मवाळ या शब्दावरून ज्यांना गोखले मिळमिळीत वाटतात त्यांनी ते भाषण काढून पाहावे. नुकत्याच परत गेलेल्या कर्झनच्या कारकिर्दीची तुलना त्यांनी औरंगजेबाच्या कारकिर्दीशी केली. स्वदेशीला त्यांनी मनःपूर्वक पाठिंबा दिला. बहिष्काराविषयी मात्र त्यांनी हात आखडता घेतला. दुसरा उपाय उरला नाही म्हणून बंगालने ते शस्त्र उचलले हे त्यांना मान्य होते. परंतु ते शस्त्र रोजच्या वापराचे नव्हे आणि त्या शब्दातच दुसऱ्याला दुखविण्याची इच्छा दडलेली आहे, असे त्यांचे मत होते. प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वागताच्या ठरावावरून विषयनियामक समितीत रात्री उशिरापर्यंत खडाजंगी झाली. अखेर विरोध असणाऱ्यांनी मांडवाबाहेर राहावे आणि ठराव एकमताचा दिसावा अशी तडजोड निघाली. अध्यक्ष या नात्याने गोखल्यांनी सभा सांभाळली. पुढल्या वर्षी कलकत्त्यास अध्यक्षपदासाठी टिळकांचे नाव पुढे येताच नेमस्तांनी एक्याऐंशी वर्षांच्या दादाभाई नौरोजींना विलायतेहून आणले. दादाभाईंच्या वडीलकीपुढे सगळे नमले आणि स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण असे चार ठराव मंजूर झाले. पण एकेका ठरावाचा अर्थ दोन्ही पक्षांनी आपापला लावला. वाद मिटला नव्हता, पुढे ढकलला होता.

१९०७ साली सरकारने लजपतरायांना विनाचौकशी मंडालेस पाठविले. गोखल्यांनी त्यांच्या सुटकेसाठी व्हाइसरॉयच्या दरबारी रदबदली केली. सभाबंदीचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात आले तेव्हा नोव्हेंबर महिन्यात त्यांनी आणि डॉ. रासबिहारी घोष यांनी त्यावर कडाडून टीका केली. ज्यांच्या सभा या कायद्याने बंद व्हावयाच्या होत्या त्या सभांत बहुधा गोखल्यांचीच निर्भर्त्सना होत असे. सरकारपुढे त्यांचे वकीलपत्र घ्यायचे आणि राष्ट्रसभेत त्यांच्याशी झुंजायचे, अशी ही दुहेरी अवस्था होती. जहाल भाषेमुळे सरकारला दडपशाहीचे निमित्त मिळते, सरकारच्या हातातील सामर्थ्याची आपल्या तरुणांना कल्पना नाही आणि ते सामर्थ्य एकदा उलटले तर वीस वर्षांत उभे केलेले सर्व काम पाच मिनिटांत चिरडले जाईल, ही धास्ती त्यांना सतत असे.

त्या वर्षीचे अधिवेशन नागपूरला ठरले होते. तेथे स्वागतमंडळातच भांडणे झाल्यामुळे ते सुरतेस हलविण्यात आले. सुरत मुंबई इलाख्यात, म्हणजे इलाख्यातील माणूस अध्यक्ष व्हायचा नाही या संकेतामुळे टिळकांचे नाव आपोआप बाद. शिवाय ते मेहतांच्या प्रभावाखालचे शहर. जहालांना हा डाव वाटला आणि त्यांना तसे वाटण्यास जागा होती, हे मान्य केले पाहिजे. त्यांनी मंडालेहून सुटून आलेल्या लजपतरायांचे नाव सुचविले. खुद्द लालाजींनी नकार दिला आणि रासबिहारी घोषांचे नाव कायम झाले. कलकत्त्याचे चार ठराव गाळले जाणार अशी आवई उठली होती. ठरावांचे मसुदे गोखल्यांनी केले होते. ते वेळेवर छापून मिळाले नाहीत आणि टिळकांच्या हाती पडले ते अधिवेशनाच्या अगदी तोंडावर. सुरतेत छपाईची नीट सोय नव्हती हे गोखल्यांचे स्पष्टीकरण खरे मानण्यास हरकत नाही. तथापि अविश्वास एकदा मुरला की छापखान्याच्या विलंबातही कट दिसतो.

तापीकाठच्या मांडवात १६०० हून अधिक प्रतिनिधी जमले. २६ डिसेंबरला सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्षांच्या सूचनेला अनुमोदन देण्यास उभे राहिले आणि गोंधळात त्यांचा आवाज बुडाला. ज्यांच्या आवाजाने बंगाल हलत असे त्यांना बोलता येईना. सभा दुसऱ्या दिवसावर गेली. २७ तारखेस टिळकांनी स्वागताध्यक्ष मालवी यांना चिठ्ठी पाठवून सभा तहकुबीची सूचना मांडण्याची परवानगी मागितली. उत्तर आले नाही. रासबिहारी घोष भाषणास उभे राहताच टिळक व्यासपीठावर चढले आणि हाताची घडी घालून तेथेच खिळल्यासारखे उभे राहिले. नियमाप्रमाणे वेळ टळली असे अध्यक्ष सांगत होते. बोलू दिल्याशिवाय हटणार नाही असे टिळक सांगत होते. तेवढ्यात मांडवातून एक मराठी जोडा भिरभिरत आला. तो सुरेंद्रनाथांच्या गालाला लागून फिरोजशहांवर आदळला. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या, काही मंडळी टिळकांच्या अंगावर धावून गेली.

त्या क्षणी गोखले कोठे होते? हेन्री नेव्हिन्सन हे इंग्रज पत्रकार त्या वेळी तेथे होते आणि त्यांनी आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवले आहे की गोखले टिळकांच्या शेजारी उभे होते आणि अंगावर येणाऱ्या लोकांपासून त्यांना वाचविण्यासाठी त्यांनी आपले दोन्ही हात पसरले होते. ज्या माणसाच्या भाषेने, डावपेचाने आणि अनुयायांच्या वर्तनाने बारा वर्षे मनस्ताप दिला, त्याच्यासाठी केलेला हा आडोसा होता. या प्रसंगाचे वर्णन मराठीत व्हावे तितके झालेले नाही. जोड्याची हकिकत मात्र सर्वांना पाठ आहे.

राष्ट्रसभा मोडली. दुसऱ्या दिवशी नेमस्तांनी सुमारे नऊशे प्रतिनिधींची निराळी सभा भरविली. जहालांची सभा अरविंद घोष यांच्या अध्यक्षतेखाली झाली. चार महिन्यांनी, एप्रिल १९०८ मध्ये अलाहाबादेस नेमस्तांनी राष्ट्रसभेची घटना तयार केली. साम्राज्यांतर्गत स्वराज्य हे ध्येय आणि सनदशीर मार्ग हे साधन प्रत्येक प्रतिनिधीने लेखी मान्य करायचे, आणि प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार ठरावीक समित्यांनाच राहायचा. या घटनेच्या घडणीत गोखल्यांचा हात होता. सुरतेच्या व्यासपीठावर जे हात टिळकांच्या रक्षणासाठी पसरले गेले त्याच हातांनी टिळकपक्षाला दार लावून घेणाऱ्या घटनेवर संमती दिली, ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड जागा आहे. ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. शिस्तीशिवाय सभा चालत नाही हे गोखल्यांचे म्हणणे सुरतेने सिद्धच केले होते. परंतु दारावर कुलूप घातल्यावर घर शांत झाले तसे ओसही पडले. १९०९ च्या लाहोर अधिवेशनास प्रतिनिधी अडीचशेही आले नाहीत.

दरम्यान टिळकांना जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेस गेले. गोखले त्या वेळी सुधारणांच्या वाटाघाटींसाठी लंडनमध्ये होते. टिळकांच्या शिक्षेमागे गोखल्यांचे अंग आहे अशी कुजबुज पुण्यात सुरू झाली आणि ती छापलीही गेली. हा आरोप निराधार होता. तथापि गोखल्यांच्या जिव्हारी तो इतर कशाहीपेक्षा अधिक लागला असावा. नाशिकला जॅक्सनचा खून झाल्यानंतर १९१० साली सरकारने वृत्तपत्रांचा कायदा आणला, तेव्हा गोखल्यांनी दुरुस्त्या सुचविल्या, त्या फेटाळल्या गेल्या, तरी मूळ विधेयकाला त्यांनी विरोध केला नाही. दहशतवादाच्या भयाने त्यांचा तोल या एका ठिकाणी ढळला, असे म्हणावे लागते. १९०७ मध्ये सभाबंदीला विरोध करणारे गोखले आणि १९१० मधील हे गोखले यांच्यात फरक आहे. आपल्यातील टोकाच्या लोकांचा वैताग माणसाला नकळत सरकारच्या किती जवळ नेऊन ठेवतो, हे त्या तीन वर्षांत दिसते.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मात्र निखळ त्यांचे. मार्च १९११ मध्ये मांडलेल्या या विधेयकासाठी त्यांनी सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात यशस्वी करून दाखविलेल्या प्रयोगाचा आधार घेतला होता. पुढील मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. मग दक्षिण आफ्रिकेचा दौरा, सरकारी नोकऱ्यांविषयीच्या आयोगाचे काम, आणि मधुमेहाने पोखरलेले शरीर.

जून १९१४ मध्ये टिळक मंडालेहून परतले. सहा वर्षांत दोघेही बदलले होते. ॲनी बेझंट यांनी समेटाचा विषय हाती घेतला आणि डिसेंबरमध्ये राष्ट्रसभेचे चिटणीस सुब्बाराव यांना घेऊन त्या पुण्यास आल्या. प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार थोडा व्यापक करावा, म्हणजे टिळकपक्षाला सन्मानाने आत येता येईल, या योजनेला गोखले अनुकूल होते. इकडे मुंबईचे मेहता आणि वाच्छा यांना ही कल्पनाच असह्य होती. गोखल्यांच्या स्वपक्षात टोकाचे आवाज फक्त एका बाजूला नव्हते, हे येथे ध्यानात येते. जहालांच्या बेफाम बोलण्याने ते जितके अस्वस्थ होत, तितकेच मेहतांच्या हटवादीपणाने हतबल होत. मात्र मेहतांना ते उघड विरोध करीत नसत. ज्येष्ठांविषयीचा आदर आड येई.

आणि मग गोखल्यांनीच पाऊल मागे घेतले. सुब्बारावांशी झालेल्या बोलण्यात टिळकांनी आपली जुनी धोरणे सोडलेली नाहीत आणि आत आल्यावर राष्ट्रसभा ते अडवणुकीच्या मार्गाला लावणार, असा गोखल्यांचा समज झाला. मद्रास अधिवेशनाचे नियोजित अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसू यांना त्यांनी खासगी पत्र लिहून आपला पाठिंबा काढून घेत असल्याचे कळविले. पत्र खासगी राहिले नाही. त्याचा आशय मद्रासच्या विषयनियामक समितीत फुटला आणि प्रश्न एका समितीकडे सोपविला गेला. आपण असे काही म्हटलेच नव्हते, असा टिळकांचा दावा होता. आरोप कशाच्या आधारे केला ते सांगा आणि ते पत्र प्रसिद्ध करा, अशी मागणी त्यांनी केली. ‘केसरी’तून आणि पत्रव्यवहारातून हा वाद फेब्रुवारी १९१५ पर्यंत चालला. १८९७ प्रमाणे पुन्हा एकदा गोखल्यांपुढे खासगी पत्र आणि जाहीर पुरावा यांचा पेच उभा राहिला होता. या वेळी बरोबर कोण, हे आजही ठामपणे सांगता येणार नाही; मधल्या माणसाने नेलेल्या निरोपात दोन्ही बाजूंचे थोडे थोडे सांडले असणार.

१९ फेब्रुवारी १९१५ च्या रात्री भारत सेवक समाजाच्या वास्तूत गोखल्यांनी देह ठेवला. टिळक त्या वेळी सिंहगडावर होते. निरोप मिळताच ते गड उतरून आले आणि दुसऱ्या दिवशी स्मशानात जमलेल्या हजारोंच्या समुदायापुढे त्यांनी भाषण केले. काहींनी टाळ्या वाजविल्या, तेव्हा त्यांनी ही वेळ टाळ्यांची नसून अश्रूंची आहे, असे त्यांना बजावले आणि तरुणांनी या पुरुषाचा कित्ता गिरवावा असे सांगितले. आठवड्यापूर्वीपर्यंत दोघांत जे चालले होते ते समुदायातील पुष्कळांना ठाऊक होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फिरोजशहा मेहता निवर्तले. डिसेंबरच्या मुंबई अधिवेशनात घटनेतील ती दुरुस्ती अखेर मंजूर झाली. दोन वर्षे जुन्या आणि सनदशीर मार्ग मानणाऱ्या संस्थांनी बोलाविलेल्या सभांना प्रतिनिधी निवडता येऊ लागले. गोखल्यांनी प्रथम मान्य केलेल्या योजनेहून ती फारशी निराळी नव्हती. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला टिळकपक्षाची प्रांतिक परिषद भरली आणि तिने राष्ट्रसभेत परत जाण्याचा ठराव केला. गोखल्यांना राजकीय गुरू मानणारे गांधीजी त्या परिषदेस आले होते आणि त्यांनी समेटाच्या बाजूने आपले मत दिले. होमरूल लीगची स्थापनाही त्याच वेळी, २८ एप्रिलला, बेळगावात झाली. डिसेंबरात लखनौला नऊ वर्षांनी दोन्ही पक्ष एका मांडवात आले. व्यासपीठावर टिळक होते, सुरेंद्रनाथ होते, आणि सुरतेस ज्यांचे अध्यक्षीय भाषण अर्ध्यात राहिले ते रासबिहारी घोषही होते.